थाळीवरच्या चित्राचं मूळ शोधताना: इटालियन मायोलिका आणि छापचित्रांची जोडी लावण्याची पद्धत

इटलीतल्या उर्बिनो गावची सोळाव्या शतकातली एखादी रंगवलेली थाळी समोर आली की आधी रंग दिसतात. गडद निळं आकाश, मधासारखा पिवळा, नारिंगी, तांब्याचा हिरवा. मग माणसांची गर्दी दिसते: कुणी धावतंय, कुणी पाठमोरं उभं आहे, कुणी जमिनीवर कलंडलंय. आणि थोडा वेळ बघत राहिलात तर एक शंका येते. ही माणसं एकमेकांकडे बघतच नाहीत. प्रत्येक जण जणू वेगळ्या चित्रातून उठून इथे आला आहे.

बऱ्याच वेळा तसंच असतं. या थाळ्यांना 'इस्तोरियातो' म्हणतात, म्हणजे गोष्ट रंगवलेल्या थाळ्या. त्या रंगवणाऱ्यांसमोर रोममध्ये आणि व्हेनिसमध्ये छापलेली चित्रं असत. त्यातली एक आकृती इथून, दुसरी तिथून घेऊन ते नवी गोष्ट उभी करत. मी मुद्राचित्रण शिकलो असल्यामुळे माझी नजर आधी छापाकडे जाते. 'अमुक चित्रावरून नक्कल' ही संग्रहालयाच्या पाटीवरची ओळ वाचून लोक पुढे जातात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. कारण छाप आणि थाळी शेजारी ठेवल्यावरच रंगवणारा माणूस दिसू लागतो. त्याने काय घेतलं, काय सोडलं, काय फिरवलं, हे त्या दोघांमधल्या फरकात असतं. ही जोडी घरबसल्या कशी लावायची, ते पुढे क्रमाने सांगतो. वही, फोन, चित्र आडवं उलटवणारं कुठलंही ॲप आणि थोडा ट्रेसिंग पेपर एवढं साहित्य पुरे.

पायरी १: वस्तू नक्की काय आहे ते ठरवा

मायोलिका म्हणजे साधी भाजलेली माती, वर कथील घातलेली अपारदर्शक पांढरी झिलई, आणि त्या झिलईवर रंगकाम. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना लागतं तेच कथील इथे शिशाबरोबर जाळून भुकटी करतात आणि झिलईत मिसळतात. कथिलामुळे मातीचा पिवळट किंवा गुलाबीसर रंग झाकला जातो आणि चित्रासाठी पांढरा कागद तयार होतो. नाव मायोर्का बेटावरून आलं असं मानलं जातं. स्पेनची अशी भांडी त्या वाटेने इटलीत येत.

ओळखायची खूण सोपी आहे. काठाचा टवका उडाला असेल तिथे बघा. आतली माती मऊ, सच्छिद्र आणि रंगीत दिसली, आणि पांढरेपणा फक्त वरच्या पापुद्र्यात असला, तर तुम्ही योग्य जागी आहात. आतूनही पांढरीशुभ्र असेल तर ती चिनी माती. आणखी एक घोटाळा टाळा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उठावाच्या नक्षीची, जाड रंगीत शिशाच्या झिलईची भांडी निघाली, त्यांनाही 'माजोलिका' म्हणतात. त्यांचा या विषयाशी संबंध नाही.

कारागिरीबद्दल आपल्याला इतकं ठाऊक आहे याचं श्रेय कास्तेलदुरान्तेच्या चिप्रियानो पिक्कोलपास्सोला जातं. त्याने १५५७ च्या सुमारास कुंभारकामावर तीन भागांचं सचित्र हस्तलिखित लिहिलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात नदीकाठची माती गोळा करण्यापासून भट्टी पेटवण्यापर्यंत सगळं आहे. वाळू आणि वाइनच्या पिंपाच्या तळाशी साचणाऱ्या गाळाची राख एकत्र वितळवून झिलईचा पाया कसा तयार करायचा, हेही आहे.

शोधासाठी यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. थाळी एकदा भाजून झाली की ती पातळ झिलईत बुडवत. झिलई सुकली की तिची पिठासारखी कोरडी भुकटी पृष्ठभागावर बसे, आणि रंगकाम त्या कच्च्या भुकटीवर होई. कुंचला टेकला की रंग शोषला जातो. पुसता येत नाही. म्हणजे आधी आराखडा पक्का हवा, आणि तो छापचित्रातून तयार मिळत असे. चित्राच्या रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद थाळीवर धरायचा आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. भोकं पाडलेल्या कागदावरून रांगोळीचा छापा काढलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. कोळशाचे ठिपके दुसऱ्या भाजणीत जळून जातात, त्यामुळे मागे पुरावा राहत नाही. अर्थात सगळे असा भोकांचा खाका वापरत नसत. सरावलेला हात छाप समोर ठेवून थेट काढी.

रंग मोजकेच, कारण भट्टीची आच सोसणारे धातूच चालत: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, लोहाचा नारिंगी, मँगेनीजचा जांभळट तपकिरी. शुद्ध लाल जवळजवळ नाही. झळाळता माणिकलाल दिसला तर गुब्बिओच्या माएस्त्रो जोर्जो आंद्रेओलीची आठवण व्हायला हवी. त्याच्याकडे तिसरी भाजणी होई, कमी आचेवर आणि धुराने कोंडलेल्या भट्टीत, आणि धातूची चमक पृष्ठभागावर येई. दुसऱ्या गावी रंगवलेल्या थाळ्याही अशी झळाळी चढवायला गुब्बिओला जात.

कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर चित्र काढण्याची हीच परंपरा फरशांच्या वाटेने इबेरियात रुजली. निकुलोसो पिसानो हा इटालियन कारागीर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सेव्हिलमध्ये फरशा रंगवत होता. पोर्तुगालात तिला 'अझुलेजू' म्हणतात. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली रंगवलेल्या निळ्या फरशांवर पोर्तुगीज महाकवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. पांढऱ्या झिलईवरचं निळं रंगकाम डोळ्यांजवळ बघायचं असेल तर आपल्याला इटलीपर्यंत जायला नको.

पायरी २: मागची बाजू वाचा

समोरच्या बाजूआधी मागची बघा. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मागच्या बाजूचा फोटो बहुधा दिलेला असतो, तो शोधून उघडा. उर्बिनोच्या थाळ्यांच्या मागे काठाला अनेकदा पिवळ्या रेघा असतात आणि मध्ये निळ्या अक्षरांत मजकूर: प्रसंगाचं नाव, साल, कधी सही. देरुताच्या मोठ्या शोभेच्या थाळ्यांची पाठ पुष्कळदा नुसत्या पारदर्शक झिलईची असते, आणि पायाच्या कड्याला भिंतीवर टांगण्यासाठी भाजण्याआधीच पाडलेली भोकं दिसतात.

सगळ्यात बोलकी पाठ फ्रांचेस्को क्सांतो आवेल्लीची. हा मूळचा रोव्हिगोचा. उर्बिनोतली त्याची सही-तारखेची कामं १५३० ते १५४२ या काळातली आहेत. थाळीमागे तो प्रसंग सांगणाऱ्या ओळी लिहितो, कधी कवी पेत्रार्काची ओळ देतो, खाली साल आणि नाव. तो स्वतः कवी होता, उर्बिनोच्या ड्यूकच्या स्तुतीची त्याची सुनितं आजही उपलब्ध आहेत. १५३० च्या एका कागदात वाढीव मजुरीसाठी एकत्र आलेल्या कारागिरांमध्येही त्याचं नाव येतं. लिहिता येणारा, मजुरी मागणारा, सही करणारा कुंभारवाड्यातला चित्रकार! २००७ मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शनने त्याच्या एकट्यावर प्रदर्शन भरवलं होतं.

मजकूर असेल तर अक्षर न अक्षर वहीत उतरवा. त्या काळी शुद्धलेखन ठरलेलं नव्हतं, म्हणून शब्द मोठ्याने उच्चारून पाहा. त्याने अर्थ लागतो.

पायरी ३: गोष्ट ओळखा, पण तिच्यावर लगेच विसंबू नका

विषय बहुधा तीन ठिकाणांहून येतात: रोमन कवी ओव्हिडचं 'रूपांतरं' हे काव्य, बायबल, आणि रोमचा इतिहास. हरणाचं डोकं आलेला शिकारी म्हणजे ॲक्टिऑन, झाडात बदलणारी मुलगी म्हणजे डाफ्नी, तीन स्त्रिया आणि सफरचंद म्हणजे ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचा निवाडा. अडलात तर लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटचा चित्रविषयांचा संग्रह इंटरनेटवर मोफत खुला आहे. त्यात विषयावरून शोधता येतं.

मात्र गोष्ट कळली म्हणजे मूळ छाप कळला असं नाही. या विषयातला सगळ्यात मोठा चकवा हाच आहे. थाळीवर एक कथा आणि तिच्यातली आकृती मात्र भलत्याच कथेच्या छापातली, हे नेहमी घडतं.

पायरी ४: माणसं एकेकटी सुटी करा

फोटो मोठा करून प्रत्येक आकृतीभोवती चौकट आखा आणि तेवढाच तुकडा कापून वेगळा जतन करा. पाच माणसं असतील तर पाच तुकडे. प्रत्येकाची देहठेवण शब्दांत लिहा: 'पाठमोरी उभी, डावा हात डोक्यावर, वजन उजव्या पायावर.' कपडे, दाढी, हातातली वस्तू लिहू नका, कारण रंगवणारा तेच बदलतो. हातपाय आणि कंबरेचा पीळ तो सहसा तसाच ठेवतो.

क्सांतोच्या बाबतीत याला पर्याय नाही. तो छापांतून आकृत्या कापून घेतल्यासारखा घेतो आणि नव्या नाटकात उभ्या करतो. स्त्रीची आकृती पुरुष होते, हातातली वीणा जाते आणि तलवार येते. याचं टोकाचं उदाहरण १५२४ सालचं आहे. चित्रकार जुलिओ रोमानोच्या शृंगारिक रेखाटनांवरून मार्कान्तोनियो राइमोंदीने छापचित्रं कोरली. पोप सातव्या क्लेमेंटने त्याला तुरुंगात टाकलं आणि छाप नष्ट करायला लावले. आज मूळ छापांचे मोजके तुकडे उरलेत, काही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण ती चित्रं क्सांतोकडे पोचली होती. त्याने त्या जोड्या सोडवल्या, एकेक आकृती वेगळी केली आणि पुराणकथांमध्ये सभ्य कामाला लावली. जाळलेल्या चित्रातला माणूस जेवणाच्या थाळीवर पाचशे वर्षं टिकला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका थाळीसमोरून हललो नव्हतो.

पायरी ५: कुठे शोधायचं, कोणत्या क्रमाने

आंधळेपणाने शोधलं तर आयुष्य पुरणार नाही. मी हा क्रम पाळतो.

आधी राइमोंदी. चित्रकार राफाएलच्या रचना त्याने तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या छापांमधून युरोपभर पसरल्या, आणि उर्बिनोचे रंगारी सगळ्यात जास्त त्याच्याकडेच वळले. 'पॅरिसचा निवाडा', 'निष्पाप बालकांची हत्या', 'पार्नासस', 'गालातेआ' हे छाप इतके पाठ करा की त्यातला एक खांदा दिसला तरी आठवला पाहिजे. मग त्याच्या वर्तुळातले आगोस्तिनो व्हेनेत्सियानो, मार्को देन्ते आणि याकोपो काराल्यो. फाएन्झाचं काम असेल तर ड्यूररलाही पुढे घ्या, तिथे जर्मन छाप बरेच वापरले गेले.

प्रसंग ओव्हिडचा असेल आणि थाळी १५२० च्या आसपासची, तर व्हेनिसमध्ये १४९७ साली छापलेल्या सचित्र इटालियन ओव्हिडचे लाकडी ठसे बघा. निकोला दा उर्बिनोने व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात असलेल्या संचासाठी त्यांचाच आधार घेतला. याच निकोलाने मान्तुआच्या शासक घराण्यातल्या इझाबेला देस्तेसाठी संच रंगवला. तिची मुलगी, उर्बिनोची डचेस एलेओनोरा हिने १५ नोव्हेंबर १५२४ च्या पत्रात आईला लिहिलंय की ही भांडी मान्तुआजवळच्या पोर्तो इथल्या गावाबाहेरच्या घरी वापरता येतील, कारण ती तशाच ठिकाणी शोभणारी आहेत. आज काचेत बंद असलेल्या या थाळ्यांकडे त्यांच्या मालकिणी कशा बघत होत्या, ते या एका वाक्यात आहे.

शतकाच्या मध्यानंतरच्या थाळीसाठी फ्रान्समधल्या लिओंकडे जा. बर्नार सालोमोंचे छोटे, नाजूक लाकडी ठसे तिथे छापले गेले: बायबलचे १५५३ मध्ये, ओव्हिडचे १५५७ मध्ये. उर्बिनोच्या फोंताना घराण्याच्या कारखान्यात ते पुष्कळ वापरले गेले.

ब्रिटिश म्युझियम, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांची छापचित्रं संकेतस्थळांवर मोठ्या आकारात दिसतात. कोरणाऱ्याचं नाव इटालियन स्पेलिंगने टाका आणि पुढे विषय. नोंदीत 'बार्च' आणि एक आकडा दिसेल. ॲडम फोन बार्चने १८०३ ते १८२१ या काळात छापचित्रांची मोठी सूची केली, तिच्यातला तो क्रमांक. तो वहीत लिहून ठेवा. एकाच चित्राला संग्रहालयं वेगवेगळी नावं देतात, तेव्हा हा आकडाच कामी येतो.

पायरी ६: उलटवून पाहा

जोडी जुळत नाही म्हणून हताश होण्याआधी तुकडा आडवा उलटवा. कोरलेला तांब्याचा पत्रा कागदावर उमटतो तेव्हा डावं-उजवं बदलतं. कुणी छापाची नक्कल जशीच्या तशी दुसऱ्या पत्र्यावर कोरली, तर तिचा छाप मूळ चित्राच्या उलट येतो. अशा नकला खूप निघाल्या. सालोमोंच्या ओव्हिडवरून व्हर्गिल सोलिसने फ्रँकफर्टमध्ये १५६३ साली केलेले ठसे असेच उलटे आहेत. म्हणून थाळीवरची दिशा मूळ छापाशी जुळते की नकलेशी, ते नीट तपासा. एवढ्यावरून तारीख काही वर्षांनी पुढे सरकू शकते. भोकांचा कागद मागच्या बाजूने वापरला तरी चित्र उलटतं, हेही ध्यानात असू द्या.

पायरी ७: ताट ठेवून वर्तुळाचा हिशेब करा

हा प्रयोग प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करावा. राइमोंदीचा 'पॅरिसचा निवाडा' मोठ्या कागदावर छापून घ्या. मूळ छाप सुमारे २९ सेंटिमीटर उंच आणि ४३ सेंटिमीटर रुंद आहे, तेवढाच काढता आला तर उत्तम. त्यावर स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट पालथं घाला आणि पेन्सिलीने गोल आखा.

आता बघा काय अडचण होते. डाव्या भागात पॅरिस व्हीनसला सफरचंद देतोय, पाठमोरी मिनर्व्हा कपडा उतरवतेय. उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन नदीदेव आणि एक अप्सरा बसलेत. याच तिघांवरून फ्रेंच चित्रकार एदुआर माने याने १८६३ साली आपलं गवतावरच्या न्याहारीचं चित्र रचलं. वर आकाशात सूर्याचा रथ. गोल पॅरिसवर धरला तर नदीदेव बाहेर जातात. नदीदेव आत घेतले तर पॅरिसचं डोकं तुटतं. शिवाय थाळी खोलगट. मधल्या खळग्यातली आकृती आत बसते आणि काठावरची कलंडते.

रंगवणाऱ्याला हे सगळं पुसण्याची सोय नसताना सोडवायचं होतं. ट्रेसिंग पेपरवर आकृत्या उतरवून तुम्हीही सरकवून पाहा. मग खरी थाळी उघडा आणि त्याने काय केलं ते टिपा. कुणाला वर ढकललं? कुठे झाड उभं करून पोकळी भरली? छापातल्या कोऱ्या कागदाच्या जागी कुठला डोंगर, कुठलं गाव आलं? काळ्या रेषांच्या छापात रंग नव्हते, म्हणजे प्रत्येक रंग त्याचा स्वतःचा. वहीत दोन रकाने करा, 'घेतलं' आणि 'बदललं'. दुसरा रकाना जितका लांब होईल तितका तो माणूस तुमच्या ओळखीचा होईल.

पायरी ८: तारीख आणि संशय

छाप सापडला की तारखेची एक हद्द मिळते. थाळी छापाआधीची असू शकत नाही. १५५३ चा ठसा वापरलेली थाळी १५४० ची म्हणून कुणी विकत असेल तर तिथेच थांबा. मात्र उलट बाजूने हद्द मिळत नाही, कारण जुने छाप कारखान्यांमध्ये दशकानुदशकं वापरात राहत.

आणि इथेच धोका आहे. एकोणिसाव्या शतकात या थाळ्यांचं वेड लागलं तेव्हा त्याच छापांवरून नव्या थाळ्या निघाल्या. फ्लॉरेन्सच्या कांतागाल्ली कारखान्याने उघडपणे नकला केल्या आणि त्यांवर कोंबड्याची खूण घातली. ती प्रामाणिक वस्तू आहे आणि तिलाही चाहते आहेत. पण खुणा खरवडून काढल्या जातात. पेसारोचा फेर्रुच्चो मेंगारोनी इतका निष्णात होता की त्याचं काम जुनं म्हणून खपे. १९२५ मध्ये मोंझाच्या प्रदर्शनासाठी नेलेली त्याची स्वतःची प्रचंड मेदुसा (ग्रीक पुराणातली केसांत साप असलेली स्त्री) अंगावर पडून तो गेला.

मुंबईच्या जुन्या बाजारात 'राफाएलच्या काळची' म्हणून मला दाखवलेली थाळी एका बाबतीत फारच चोख होती. एकाच छापाची ती तंतोतंत प्रत होती, एकही आकृती हललेली नव्हती, झिलईवर एकही ओरखडा नव्हता. तिचा रकाना 'बदललं' रिकामा राहिला, तेव्हा मी ती घेतली नाही. हा काही अंतिम पुरावा नव्हे, चोख नकला सोळाव्या शतकातही झाल्या. पायाच्या कड्यावरची झीज, भट्टीतल्या टेकूचे बारीक ठिपके, झिलईतली सुईच्या टोकाएवढी छिद्रं, आणि अतिनील टॉर्चखाली वेगळी चमकणारी नंतरची दुरुस्ती, हे सगळं एकत्र बघावं लागतं. मोठी रक्कम गुंतत असेल तर थर्मोल्युमिनेसन्स चाचणी करून घ्या. मातीची चिमूटभर भुकटी घेऊन ती शेवटची कधी भाजली गेली याचा अंदाज त्यातून येतो. वस्तू इटलीतून येत असेल तर निर्यातीची कागदपत्रं आधी मागा.

'राफाएलची भांडी' हे जुनं नावही ऐकाल. राफाएल उर्बिनोचा, जन्म १४८३ चा. त्याने थाळ्या रंगवल्या अशी समजूत बराच काळ होती. तो १५२० मध्ये वारला, आणि उर्बिनोचं उत्तम इस्तोरियातो काम त्यानंतरचं आहे. त्याची चित्रं राइमोंदीच्या कोरणीतून कुंभारवाड्यात पोचली, तो स्वतः नाही.

घरी खरोखरच अशी थाळी असेल तर तिच्यात खाऊ नका, झिलईत शिसं आहे. पाण्यात भिजत घालू नका, टवक्यांतून सच्छिद्र माती पाणी पिते. उचलताना काठ धरू नका, दोन्ही तळहात खाली घ्या.

पायरी ९: न जुळलेल्या आकृत्यांचं पान

पाचपैकी चार माणसं जुळतात आणि एक उरतो, असं हमखास होतं. त्याला जबरदस्तीने कुठे बसवू नका. वहीच्या शेवटी एक पान राखून अशा आकृत्यांचे तुकडे तिथे चिकटवा, खाली थाळीचा संग्रहालय क्रमांक आणि देहठेवणीचं वाक्य. नवा छाप पाहिला की आधी ते पान उघडायचं.

माझ्या पानावर एक धावणारा माणूस आठ महिने होता. दोन्ही पाय फाकलेले, एक हात मागे ताणलेला, अंगावर राजाची वस्त्रं. मी राजेच शोधत होतो. एका संध्याकाळी 'बालकांची हत्या' हा छाप दुसऱ्याच कामासाठी उलटवून पाहत होतो, आणि तो समोर आला: उघडाबंब, तलवार उपसलेला, एका आईच्या मागे धावणारा शिपाई. थाळीवर त्याची तलवार गेली होती, अंगावर झगा चढला होता. मागे ताणलेल्या हाताची मूठ मात्र रंगवणाऱ्याने तशीच आवळलेली ठेवली होती, आत काहीच नसताना.